हेंड्रिक्स पहिला का, आणि क्लॅप्टन ३५वा कसा

तुझा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या ग्रुपमध्ये भांडण चालूये, एक जण म्हणतो की रोलिंग स्टोन मासिकाच्या ग्रेटेस्ट गिटारिस्टांच्या यादीत जिमी हेंड्रिक्स दर वेळी पहिला येतो म्हणजे तोच बेस्ट, विषय संपला. दुसरा म्हणतो की हेंड्रिक्स गचाळ वाजवायचा, आज इन्स्टावर शाळेतली पोरं त्याच्यापेक्षा दुप्पट स्पीडने आणि एकदम क्लीन वाजवतात. तुला स्वतःला पिंक फ्लॉइडचा गिलमोर आवडतो आणि तो २०२३ च्या यादीत २८वा बघून तुझं डोकं फिरलंय, क्लॅप्टन ३५वा बघून अजूनच. आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत विचारलंयस की मग मी नक्की कोणाला ऐकून शिकू. मला वाटतं खरा प्रश्न ती शेवटची ओळ आहे, पण तिथे जायला आधीचं भांडण सोडवावंच लागेल म्हणून सविस्तर लिहितोय. मी पुण्यात बरीच वर्षं इलेक्ट्रिक गिटार शिकवतोय, बँडमध्येही वाजवतो, आणि हे भांडण माझ्या क्लासमध्ये प्रत्येक बॅच करते. कॉलेजला आहेस म्हणालास म्हणून अरेतुरे करतोय.

आधी याद्यांचं बघू. एकाच मासिकाच्या तीन याद्या शेजारी शेजारी ठेव. २००३ ची यादी मुळात एका समीक्षकाने, डेव्हिड फ्रिकने केलेली होती. त्यात एडी व्हॅन हेलन ७०वा होता, गिलमोर ८२वा, ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी ८६वा, आणि प्रिन्स शंभरात कुठेच नव्हता. २०११ मध्ये त्यांनी गिटारिस्ट आणि जाणकार लोकांचं पॅनल बसवून मतं घेतली, तर एडी एकदम ८वा, गिलमोर १४वा, आयोमी २५वा. मग २०२३ ला २५० जणांची नवी यादी आली, तिच्यात एडी ४था, चक बेरी २रा, सिस्टर रोझेटा थार्प ६वी, जोनी मिचेल ९वी, आणि २०११ ला २रा असलेला क्लॅप्टन ३५वा. आता विचार कर, एडीने जे टॅपिंग (दोन्ही हातांच्या बोटांनी फ्रेटबोर्डवर ठोकून सूर काढणं) १९७८ च्या रेकॉर्डवर वाजवलं ते या वीस वर्षांत एका सुरानेही बदललेलं नाही, तरी तो ७० वरून ४ वर आला. वाजवणारा तोच, यादी करणारे वेगळे आणि त्यांनी स्वतःला विचारलेला प्रश्न वेगळा. २०२३ वाल्यांनी तर प्रस्तावनेतच स्वच्छ सांगितलंय की घोटून घोटून सफाईदार केलेल्या वादनापेक्षा आम्ही फील, नवीन काहीतरी शोधून काढणं आणि रिस्क घेणं याला जास्त वजन दिलंय, आणि ज्यांनी आपलं वाजवणं चांगल्या गाण्यांत उतरवलं त्यांना झुकतं माप दिलंय. ही प्रस्तावना कोणी वाचत नाही, सगळे थेट नंबर बघतात आणि भांडतात.

त्यामुळे तुझ्या पहिल्या मित्राचं "यादीत पहिला म्हणून बेस्ट" हे मला पटत नाही. पण हेंड्रिक्स तिन्ही वेळा पहिला आला ही गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे, कारण प्रश्न बदलले, माणसं बदलली, तरी ते एक नाव हललं नाही.

आता दुसऱ्या मित्राचा स्पीडचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे आणि ते मान्य करायला हवं. आजच्या पोरांची टेक्निकल लेव्हल खरंच वर गेलीये. पॉलिफिया बँडचा टिम हेन्सन जे वाजवतो ते १९७० ला कोणी त्या पद्धतीने वाजवत नव्हतं. पूर्वी लोक रेकॉर्डवरची सुई पुन्हा पुन्हा मागे नेऊन कानाने सोलो उतरवायचे, आज टॅब (कुठली तार कुठल्या फ्रेटवर दाबायची ते लिहिलेले कागद) आहेत, व्हिडिओ आहेत, पिच न बदलता गाणं स्लो करणारी ॲप्स आहेत, तर लेव्हल वाढणारच आणि ती वाढली हे चांगलंच आहे. पण स्पीडला इतकं महत्त्व का मिळतं माहितीये? कारण तो मोजता येतो. मेट्रोनोमवर १२० ला वाजलं, १६० ला वाजलं, आकडा दाखवता येतो. बेंड सुरात लागला का, व्हायब्रेटो, म्हणजे सुराला दिलेला कंप, एकसारखा रुंद आहे का, रिदम ड्रमच्या किंचित मागे बसलाय की पुढे पळतोय, याला आकडा नाही म्हणून भांडणात ते कोणी काढतच नाही. आपल्याकडे गाणं ऐकणाऱ्या माणसाला हे पटकन कळतं, द्रुत तान दाणेदार घेणारे पुष्कळ असतात पण एक मींड घेऊन नेमक्या सुरावर थांबणारा सापडला की लोक मान डोलावतात. गिटारवरचा बेंड म्हणजे अगदी तेच काम आहे, तार ओढत ओढत पुढच्या सुरावर जायचं आणि तिथे थांबायचं, किंचित कमी नाही की जास्त नाही.

क्लासमध्ये मी यासाठी एक टेस्ट घेतो, तू घरी करून बघ. पिंक फ्लॉइडच्या कम्फर्टेबली नम्बचा शेवटचा सोलो घे, १९७९ च्या 'द वॉल' मधला. दोनेक वर्षं वाजवणाऱ्या पोराला त्यातले नुसते सूर महिनाभरात पाठ होतात, बोटांना त्यात अशक्य असं फारसं काही नाही. मग मी ते रेकॉर्ड करून ऐकवतो आणि पोरगं स्वतःच गप्प होतं, कारण जवळजवळ प्रत्येक बेंड थोडा खाली राहिलेला असतो आणि व्हायब्रेटो घाईत थरथरलेला असतो. ट्यूनर लाव, बी स्ट्रिंगच्या १०व्या फ्रेटवरून पूर्ण एक स्वर बेंड कर आणि तो सूर १२व्या फ्रेटच्या सुराशी जुळतो का बघ, लागोपाठ दहा वेळा. स्पीडवाल्या मित्रालाही करायला सांग. गिलमोरला का मानतात ते त्या दहा बेंडमध्ये समजेल, मला ते शब्दांत इतकं नीट सांगता येणार नाही.

मग तू म्हणशील की मग गिलमोर २८वा कसा. इथे माझं स्वतःचं मोजमाप सांगतो, आणि हे माझं आहे, यावर वाद होऊ शकतो. "ग्रेटेस्ट" म्हणायचं असेल तर मी सगळ्यात आधी हे बघतो की या माणसाचं रेकॉर्ड बाहेर आल्यावर बाकीच्या गिटारिस्टांच्या हातात काय बदललं. त्याला स्वतःला काय जमत होतं हे त्यानंतर. त्या हिशोबाने हेंड्रिक्सला हलवणं मला तरी जमलेलं नाही. त्याचा पहिला अल्बम मे १९६७ चा आणि तो गेला १८ सप्टेंबर १९७० ला, म्हणजे तीन वर्षांच्या थोडं वर. तेवढ्यात फीडबॅक (अँपचा आवाज परत गिटारमध्ये शिरून होणारी शिट्टी), जो तोपर्यंत बहुतेकांच्या दृष्टीने टाळायचा आवाज होता, तो त्याने वाजवायचा सूर करून टाकला. वाह पेडल, फझ, ऑक्टेव्हिया (पायाने चालवायचे, आवाज बदलणारे पेडल) आणि ट्रेमोलो आर्म (तारा सैल-ताठ करणारा दांडा) या सगळ्याला गिटारइतकंच वाद्य मानलं. आणि एक बारीक गोष्ट जी फारसे कोणी सांगत नाहीत, तो फझ चालू ठेवून गिटारच्या व्हॉल्यूम नॉबने आवाज स्वच्छ करायचा आणि परत घाण करायचा, पेडलवर सारखा पाय न मारता. आजही माझ्या क्लासमधली निम्मी पोरं गिटारचा व्हॉल्यूम कायम १० वर ठेवून वाजवतात, त्यांना तो नॉब कशासाठी आहे हेच माहीत नसतं.

पण माझ्यासाठी हेंड्रिक्सचं सगळ्यात मोठं काम सोलोमध्ये नाहीच, रिदममध्ये आहे. प्रसिद्ध व्हायच्या आधी तो आयझ्ली ब्रदर्स, लिटल रिचर्ड यांच्या मागे साथीला वाजवत हिंडायचा, आणि तिथे तुला गायकाच्या आड न येता गाणं भरून काढावं लागतं. लिटल विंग काढून बघ, १९६७ चं, अडीच मिनिटांच्या आतलं गाणं. अंगठा गळ्यावरून आणून जाड तारेवर बेस धरलाय, उरलेली बोटं कॉर्डही वाजवतायत आणि कॉर्डच्या आतल्या आत छोट्या छोट्या सुरावटीही काढतायत, म्हणजे कॉर्ड आणि लीड असे दोन वेगळे कप्पे शिल्लकच राहत नाहीत. हे तू बारे कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं) धरून वाजवायला जाशील तर होणारच नाही, हाताची ठेवणच बदलावी लागते. "गचाळ" म्हणणाऱ्याला मी हे गाणं बसवायला देतो, फक्त सुरुवातीचा रिदमचा भाग, सोलो नको. लाइव्हमध्ये त्याची गिटार सुरातून उतरायची हे खरं आहे, ट्रेमोलो आर्म इतका रगडल्यावर त्या काळच्या गिटारवर तार सुरात राहणार कशी, तो गाण्याच्या मधेच ट्यून करायचा. पण त्यावरून त्याला गचाळ म्हणणारा माणूस स्टुडिओतलं काम ऐकत नाहीये.

याच मापाने आयोमी माझ्या यादीत पहिल्या पाचात येतो आणि २००३ मध्ये त्याला ८६वा टाकला होता ते मला आजही पटत नाही. त्याची गोष्ट ऐकली असशील, बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात १७व्या वर्षी मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. तो लेफ्टी, म्हणजे हीच तार दाबायची बोटं. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या, तारा हलक्या लावल्या, आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' अल्बमवर गिटार दीड स्वर खाली ट्यून केली, म्हणजे तारा सैल, बोटांना सोपं, आणि आवाज मात्र जड. आज जगात कुठल्याही मेटल बँडमध्ये गिटार खाली ट्यून केलेली दिसली की ती वाट तिथून निघालेली आहे. टोप्यांमुळे बोटाला तार नीट जाणवत नाही, म्हणून दोन सुरांच्या पॉवर कॉर्ड आणि साधे, वजनदार रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे). मर्यादेतून एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला, याहून जास्त प्रभाव म्हणजे काय असतं मला माहीत नाही.

एडीचंही तसंच. टॅपिंग त्याने शोधलं नाही, त्याच्या आधी जेनेसिसचा स्टीव्ह हॅकेट १९७१ ला करत होता. पण १९७८ ला इरप्शन आलं, पावणेदोन मिनिटांचा तुकडा, आणि पुढची दहा वर्षं लोक दोन्ही हात फ्रेटबोर्डवर ठेवून बसले. आपल्याकडे तर गंमत म्हणजे असंख्य घरांत एडी आधी पोचला आणि त्याचं नाव नंतर, कारण मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ची कॅसेट सगळीकडे होती आणि बीट इटचा सोलो त्याचाच आहे. फक्त एक सांगतो, एडी शिकायचा तर टॅपिंगपासून सुरू करू नको, त्याचा रिदम हात ऐक, तो उड्या मारणारा स्विंग कॉपी करणं टॅपिंगपेक्षा कितीतरी अवघड जातं.

आता गिलमोर. प्रभावाचं माप लावलं तर तो थोडा खाली येतो हे मला मान्य करावंच लागतं, त्याच्यामुळे गिटार वाजवायची पद्धत बदलली असं म्हणता येत नाही. पण दुसरं एक माप आहे, गाण्यातून ती गिटार काढून टाकली तर काय उरतं, आणि डोळे मिटून दोन सूर ऐकल्यावर माणूस ओळखता येतो का. या मापाने गिलमोर, बी. बी. किंग, जेफ बेक, डायर स्ट्रेट्सचा नॉफ्लर हे सगळे एकदम वर जातात. जेफ बेक तर पिक सोडून बोटांनी वाजवायला लागल्यावर उजव्या हाताचं एक बोट व्हॉल्यूम नॉबवर, तळवा ट्रेमोलो आर्मवर, आणि गिटारमधून अक्षरशः माणसाचा गळा काढायचा. १९८९ चं व्हेअर वेअर यू ऐक, बल्गेरियातल्या बायकांच्या समूहगायनावरून सुचलेलं आहे ते. हे कॉपी करणारा मला तरी अजून भेटला नाही. म्हणजे बघ, एकाची महती अशी की सगळ्यांनी त्याची कॉपी केली आणि दुसऱ्याची अशी की कोणाला करताच आली नाही. या दोघांना एकाच शिडीवर कसं उभं करणार? मी करत नाही. तुमच्या भांडणात अर्ध्या वेळा दोघंही बरोबर असतात, फक्त मापं वेगवेगळी धरलेली असतात आणि ते कोणी बोलून दाखवत नाही.

क्लॅप्टनबद्दल माझं मत सांगतो कारण तू खास विचारलंयस. ३५वा मला खूपच खाली वाटतो. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या बँडबरोबर त्याने जे रेकॉर्ड केलं, लेस पॉल गिटार आणि मार्शल अँप फुल आवाजात, तो रॉक गिटारचा आवाज पुढे सगळ्यांनी घेतला. गिब्सन कंपनीने त्या जुन्या आकाराची लेस पॉल बनवणं साठीच्या दशकाच्या सुरुवातीला बंद केलं होतं, १९६८ ला परत सुरू करावं लागलं, आणि ज्यांच्यामुळे ती मागणी वाढली त्यांत क्लॅप्टन ठळक होता. पण सत्तरनंतरची कित्येक रेकॉर्ड्स माझ्या कानाला सुस्त वाटतात, त्यामुळे संपूर्ण करिअर धरलं की तो घसरतो आणि फक्त १९६६ ते १९७० धरलं की पहिल्या पाचात येतो. कुठली वर्षं मोजायची हेही आधी ठरवायला लागतं. त्यात १९७६ ला बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून तो स्थलांतरितांबद्दल अत्यंत वाईट बोलला, त्यावरून रॉक अगेन्स्ट रेसिझम ही चळवळ उभी राहिली. ते बोलणं माफ करण्यासारखं नाही असंच मी मानतो, पण हाताचं काम मोजताना मी ते वेगळं ठेवतो. ज्यांना वेगळं ठेवता येत नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही.

थार्प ६वी आल्यावर बऱ्याच जणांनी नाक मुरडलं, "ही कोण" म्हणून. तिचा १९६४ चा मँचेस्टरचा व्हिडिओ शोध, बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर टीव्हीसाठी शूट केलेला, कोट घालून पांढरी इलेक्ट्रिक गिटार वाजवतेय. ती गॉस्पेलमध्ये, म्हणजे चर्चच्या भक्तिगीतांत, इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभी राहिली ती चक बेरीच्या कितीतरी आधी. ती जुन्या याद्यांत नव्हती ही त्या याद्यांची चूक होती, आता आहे ते बरोबर झालं.

आणि एक तक्रार माझीही, मी सगळ्या याद्यांबद्दल करतो. रिदम वाजवणाऱ्यांना न्याय मिळत नाही. एसी/डीसीचा माल्कम यंग घे. भाऊ अँगस शाळेच्या युनिफॉर्ममध्ये पुढे नाचायचा आणि माल्कम मागे अँपजवळ उभा राहून अख्खा बँड चालवायचा. पोरं 'बॅक इन ब्लॅक' बसवायला घेतात तेव्हा पहिली गोष्ट करतात ती गेन (अँपवरचा आवाज फाडणारा नॉब) फुल, आणि मग विचारतात की सर आवाज रेकॉर्डसारखा का येत नाही. गेन निम्म्यावर आण, जाड तारा लाव आणि जोरात पण नेमका स्ट्रोक मार, त्यातली पोकळी, जिथे काहीच वाजत नाही ती जागा, ती त्या रिफचा अर्धा भाग आहे. रोलिंग स्टोन्स बँडच्या कीथ रिचर्ड्सचंही तेच, ओपन जी ट्यूनिंग (मोकळ्या तारा छेडल्या तरी जी कॉर्ड वाजते), सहावी तार काढूनच टाकलेली, पाच तारा आणि दोन बोटं, आणि १९६९ पासून स्टोन्सचा आवाज त्यावर उभा आहे. २००३ ला तो १०वा होता, २०११ ला ४था. बँडमध्ये वाजवायला लागलास की कळेल, लोकांना सोलोवाले दहा सापडतात आणि रिदम धरणारा एक शोधावा लागतो.

लेड झेपेलिनच्या जिमी पेजबद्दल इथे एवढंच, की लाइव्हमध्ये तो हेंड्रिक्सपेक्षाही जास्त अडखळायचा, पण पाच-सहा गिटार एकावर एक रचून गाणं बांधणं हे त्याच्याइतकं कोणी केलं नाही. १९७२ मध्ये तो आणि त्यांचा गायक प्लँट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर फ्रेंड्स आणि फोर स्टिक्स रेकॉर्ड करून गेले होते, ती रेकॉर्डिंग्ज अधिकृतपणे २०१५ ला 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत आली. नक्की ऐक. अवघड ताल आणि आपली तंतुवाद्यं यांच्यावर तो गिटारचा रिफ कसा बसवतोय ते ऐकण्यासारखं आहे.

तर आता शेवटची ओळ, शिकू कोणाकडून. हे तुझ्यावर अवलंबून आहे, तू घरी एकटा वाजवतोस की बँड आहे, किती वर्षं झाली, हात कुठे अडतो, हे तू लिहिलेलं नाहीयेस. बँड असेल तर पहिले सहा महिने माल्कम आणि कीथ, सोलो बंद, मेट्रोनोम ७० वर ठेवून दोन मिनिटं न पळता वाजवता आलं पाहिजे. एकटा वाजवत असशील तर गिलमोर, कारण तुझं मन तिथे आहे आणि जे आवडतं त्यावरच माणूस तासन्‌तास बसतो, पण वर सांगितलेली ट्यूनरची टेस्ट लावून. लिटल विंग किमान वर्षभर तरी पुढे ढकल, अंगठा वरून आणायची सवय नसताना घाईत बसवलं तर मनगट दुखतं. टॅपिंग, स्वीप पिकिंग वगैरे कधीही शिकता येतं, त्याची घाई नको.

आणि मित्रांशी पुढचं भांडण करताना नावं घेऊच नका. प्रत्येकाने एक रेकॉर्डिंग आणायचं, त्यातली तीस सेकंदं वाजवून दाखवायची, जमेल तशी, आणि सांगायचं की यात मला नक्की काय मोठं वाटतं. स्पीडवाल्या मित्राला बी. बी. किंगचे चार सूर दे वाजवायला, आणि तू त्याच्या आवडीच्या टिम हेन्सनचा एक तुकडा घे, स्लो करून का होईना. तुझा बेंडचा टेक रेकॉर्ड झाला की मला पाठव, कुठला सूर खाली राहतोय ते ऐकून सांगतो.